वाटणीचा वाद आणि पापडीचा दाखला

महाराष्ट्र विधानसभेच्या २०२४ सालच्या निवडणुकीत दोन प्रमुख आघाड्यांमध्ये संपत्तीच्या वाटणीसंबंधी जो मतभेद होता, तो अगदी नेमक्या आकड्यात सांगता येतो. तो दरमहा नऊशे रुपयांचा होता. ५ नोव्हेंबरला कोल्हापूरच्या सभेत महायुतीने ‘लाडकी बहीण’ योजनेतील पंधराशे रुपयांचे एकवीसशे करण्याचे वचन दिले. दुसऱ्याच दिवशी मुंबईत महाविकास आघाडीने महालक्ष्मीच्या नावाने तीन हजारांचे वचन जाहीर केले. एका बाजूने दुसऱ्या बाजूला उधळे म्हणावे आणि दुसरीने पहिलीला कंजूष म्हणावे, एवढ्यावर तो वाद आटोपला. मतदारांनी महायुतीच्या बाजूने प्रचंड कौल दिला. वसई मतदारसंघात भारतीय जनता पक्षाच्या स्नेहा दुबे-पंडित यांनी हितेंद्र ठाकूर यांचा पराभव केला. पापडीच्या नाक्यावर गुलाल उधळला गेला की नाही, याच्याशी आम्हांला कर्तव्य नाही. त्या नऊशे रुपयांशी मात्र आहे.

कारण या नऊशे रुपयांचा हिशेब कोणी मांडून दाखविला नाही. लाभार्थी भगिनींची संख्या ढोबळमानाने अडीच कोटी धरली, तर पंधराशेचे एकवीसशे करण्यास वर्षाला आणखी अठरा हजार कोटी रुपये लागतात आणि तीन हजार करण्यास पंचेचाळीस हजार कोटी. हा पैसा कोणत्या करातून उभा राहणार, कोणता खर्च कमी होणार, कोणाच्या खिशाला किती तोशीस पडणार, हे एकाही आघाडीच्या जाहीरनाम्यात सरळ सांगितलेले नव्हते. देण्याविषयी स्पर्धा आणि घेण्याविषयी मौन, असा हा एकंदर प्रकार होता. साहजिकच सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणारा आमचा पगारदार वाचक चिडून म्हणतो की, हे सगळे आमच्या कराच्या पैशातून चालले आहे. त्याची चीड खरी आहे. परंतु ती ज्या दिशेने वळली आहे ती दिशा, आमच्या मते, तपासून पाहण्यासारखी आहे. आणि त्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही.

पापडी नाक्यावर बॅसिन कॅथॉलिक सहकारी बँकेचे मुख्य कार्यालय आहे. ही संस्था १९१८ साली स्थापन झाली. त्या काळी वसईचा बागायतदार नावाचाच मालक असे. केळीच्या बागा, पानमळे, भाजीपाल्याच्या वाड्या त्याच्या होत्या खऱ्या. पण लागवडीला, लग्नकार्याला, आजारपणाला पैसा सावकाराचा असे आणि सुकेळी विकून आलेला पैसाही त्याच्याच घरी जात असे. मोन्सिग्नोर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने येथील ख्रिस्ती शेतकऱ्यांनी आपल्या तुटपुंज्या शिलका एकत्र केल्या आणि एकमेकांना कर्ज देणे सुरू केले. ना सरकारने पैसा वाटला, ना कोणा धनिकाची जमीन काढून घेतली. आणि तरीही व्याजाच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या वाहून जाणारी संपत्ती गावातच राहू लागली. ज्यांना समाजवादाचे वावडे आहे त्यांनी आणि ज्यांना समाजवादाविना दुसरे काही दिसत नाही त्यांनीही या घटनेचा थोडा विचार करावा.

मात्र या सहकाराची मर्यादाही वसई तालुक्यातच दिसते. पतपेढीचा सभासद होण्यासाठी शिल्लक टाकायला काहीतरी असावे लागते. तालुक्याच्या पूर्व भागातील कातकरी आणि वारली कुटुंबांकडे ते काहीतरी नव्हते. जे होते ते दोन हात, आणि तेही गहाण पडलेले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर धनकोच्या दारी राबणाऱ्या ‘लग्नगड्या’ची पद्धत ठाणे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक होती. मे १९४५ मध्ये झरी येथील मेळाव्यात वारल्यांनी वेठ करणार नाही असा निश्चय केला आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने तो लढा डहाणू-उंबरगाव भागात चालविला. लाल बावट्याचे राजकारण ज्यांना मान्य नाही त्यांनाही, त्या लढ्याने माणसाला माणूसपण मिळवून दिले, हे नाकारता येणार नाही. तथापि वेठबिगारी रद्द करणारा देशव्यापी कायदा यावयास १९७६ साल उजाडले. आणि तो कायदा होऊनही, १९८० नंतरच्या वर्षांत विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला याच वसई तालुक्यात वेठबिगार शोधून सोडवावे लागले! मुंबईच्या उपनगरी गाड्या जेथून दिसतात तेथील ही कथा. सहकाराचे हात पोहोचत नाहीत तेथे कायदा लागतो, आणि कायदा कागदावर पडून राहू नये म्हणून संघटना लागते, हे या तालुक्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या काळात पक्षापक्षांतील मतभेद खरे मतभेद होते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. जमीन कोणाची, हा त्यांचा प्रश्न होता. १९४८ च्या मुंबई कूळकायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा ‘कूळ दिवस’ ठरला आणि कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. कम्युनिस्ट आणि शेतकरी कामगार पक्ष म्हणत की एवढ्याने भागणार नाही, किंमत देऊन जमीन घेणे ही वाटणीच नव्हे. प्रजा समाजवाद्यांना कायदा हवा होता, पण अंमलबजावणीत मामलेदार आणि जमीनदार यांचे संगनमत होते अशी त्यांची तक्रार होती. काँग्रेसने १९५५ मध्ये आवडी येथे समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरला सहकारी शेतीचा ठराव केला. तो ऐकून राजाजी, रंगा, मसानी प्रभृती मंडळी बिथरली आणि त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष जन्मास आला. शेतकऱ्याची जमीन आणि नागरिकाची मिळकत हा त्याच्या स्वातंत्र्याचा पाया आहे, असे तो पक्ष उघडपणे सांगे आणि त्यासाठी ‘भांडवलदारांचे हस्तक’ ही शिवी आनंदाने खात असे. १९६१ मध्ये महाराष्ट्राने शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा केला, तेव्हा साखर कारखान्यांच्या शेतजमिनीही त्यातून सुटल्या नाहीत. यांपैकी कोणाचे बरोबर होते, याविषयी मतभिन्नता असू शकेल. परंतु प्रत्येक पक्ष कोणाकडून घ्यावयाचे आणि कोणाला द्यावयाचे, हे दोन्ही सांगत होता. त्यामुळे मत देणाऱ्याला आपण काय निवडतो आहोत हे कळत होते.

या परंपरेतील सर्वांत मोठे कार्य महाराष्ट्राने केले ते मात्र जमिनीच्या बाबतीत नव्हे, कामाच्या बाबतीत. आणि त्याचा भार कोणी उचलला हे आज आपण जवळजवळ विसरलो आहोत. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूर परिसरात एक प्रयोग केला. मागेल त्याला काम आणि कामाला दाम, इतकीच त्याची कल्पना. १९७२ च्या दुष्काळात वसंतराव नाईक यांच्या सरकारला ती कल्पना राज्यभर वापरावी लागली. लाखो माणसे खडी फोडीत होती, बंधारे घालीत होती. दुष्काळ ओसरल्यावर कामे बंद करून मोकळे होणे सरकारला सोपे होते. तसे झाले नाही. विरोधी पक्षांचा रेटा मोठा होता. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर रस्त्यावर होत्या. परंतु सत्ताधारी काँग्रेसमध्येही पागे यांच्यासारखी माणसे होती. सभागृहात या योजनेस सर्व पक्षांचा पाठिंबा मिळाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून कामाचा हक्क हा महाराष्ट्रात कायद्याचा हक्क झाला. देशात त्या वेळी असा कायदा दुसरीकडे नव्हता.

आता पैशाकडे वळू. या योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. बागायती जमिनीवर विशेष आकारणी झाली, वाहनांवर आणि विक्रीकरावर अधिभार आला, शहरांतील अनिवासी जागांवर कर आला. आणि या करांतून जेवढे उत्पन्न येईल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी, असे कायद्याने ठरले. म्हणजे मुंबईच्या कचेरीतील कारकून, ठाण्याचा डॉक्टर, नाशिकचा द्राक्ष बागायतदार यांनी बीड-उस्मानाबादच्या भूमिहीन मजुराच्या रोजीचा वाटा उचलला. कोणी मोर्चा काढला नाही, कोणी ‘आमच्या करावर हे जगतात’ अशी भाषा केली नाही. याचे कारण मध्यमवर्ग त्या वेळी अधिक उदार होता, असे आम्ही मानीत नाही. कर कशासाठी आहे हे त्याला सांगितले होते, आणि मजूर उन्हात घाम गाळून तो पैसा मिळवीत होता, हे त्याला दिसत होते.

तो व्यवसाय कर आजही चालू आहे. आमच्या वाचकांपैकी जे नोकरदार आहेत त्यांनी आपले पगारपत्रक काढून पाहावे. दरमहा दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. घटनेने घातलेली ही कमाल मर्यादा १९८८ पासून तशीच आहे. २०२३ पासून महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना त्यातून सूट मिळाली, तीही योग्यच. पण हा कर कशासाठी सुरू झाला, असे दहा पगारदारांना विचारून पाहावे. एखाद्याला सांगता आले तर आम्हांला आश्चर्य वाटेल. पुढे २००५ साली केंद्राने याच कल्पनेवर देशभरचा कायदा केला आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तोही बदलून नवा आणला. त्यात कामाचे दिवस शंभराचे सव्वाशे झाले आणि राज्यांवरील खर्चाचा भारही वाढला. त्या वेळी पक्षापक्षांत बरीच खडाजंगी झाली. ज्या राज्याने ही कल्पना देशाला दिली त्या राज्यात मात्र त्यावर म्हणावी तशी चर्चा झाली नाही.

घेण्याविषयीचे मौन हे काही एका रात्रीत पसरलेले नाही. मृत व्यक्तीच्या इस्टेटीवरील कर १९५३ मध्ये आला. मोठ्या मिळकतींवर त्याचा दर पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत गेला होता. वसुली मात्र नाममात्र असे. तो १९८५ मध्ये रद्द केला काँग्रेसने, विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना. १९५७ चा संपत्ती कर २०१५ मध्ये रद्द केला भाजपच्या अरुण जेटली यांनी. त्याचे २०१३-१४ चे उत्पन्न सारे मिळून हजार कोटींच्या आसपास होते. त्याऐवजी अतिश्रीमंतांच्या उत्पन्नावर जादा अधिभार आला. नागरी जमीन कमाल धारणेचा १९७६ चा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये निकालात काढला, तेव्हा राज्यात काँग्रेस आघाडीचेच सरकार होते. या प्रत्येक निर्णयाच्या बाजूने काही बोलता येईल. जो कर बुडविणेच सोपे, तो ठेवून प्रामाणिक माणसालाच गाठण्यात अर्थ नसतो. परंतु २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत एका बाजूने दुसऱ्यावर मंगळसूत्रे हिसकावून घेण्याचा आरोप केला आणि दुसऱ्या बाजूने वारसा कराचा विषय निघताच हात झटकून तो आपला नव्हेच असे जाहीर केले, तेव्हा ही सारी लढाई पूर्वीच रिकाम्या झालेल्या किल्ल्यासाठी चालली होती, हे कोणी सांगितले नाही.

एक योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे. ज्या दिवशी कोल्हापुरात एकवीसशेची घोषणा झाली त्याच दिवशी, ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात निर्णय दिला. मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारती भाडेकरूंच्या संमतीने, शंभर महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम मालकाला देऊन ताब्यात घेण्याची तरतूद म्हाडा कायद्यात १९८६ साली झाली होती. तिच्या समर्थनार्थ घटनेच्या ३९ (ब) कलमाचा, म्हणजे समाजाच्या भौतिक साधनांची वाटणी सर्वांच्या हितासाठी व्हावी या तत्त्वाचा, आधार घेण्यात आला होता. प्रत्येक खाजगी मिळकत ही समाजाची साधनसंपत्ती म्हणता येणार नाही, असे बहुमताने ठरले. घटनेतील वाटणीच्या तत्त्वाचा एवढा मोठा अर्थ लावला जात असताना महाराष्ट्रातील एकाही प्रमुख पक्षाने प्रचारसभेत त्यावर आपले मत सांगणे आवश्यक मानले नाही. सर्वांचे लक्ष नऊशे रुपयांकडे होते.

परंतु वाटणी थांबली आहे असे मात्र कोणी समजू नये. पापडीतून सभोवार पाहिले तर ती अखंड चालू असलेली दिसेल. फक्त तिच्यावर मतदान होत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हरित पट्ट्यातील जमिनी बांधकामाला खुल्या होऊ लागल्या. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, तो बहुतेकांनी पर्यावरणाचा लढा म्हणून लक्षात ठेवला. तो तसा होताच. पण तो वाटणीचाही होता. जेथे केळी आणि पाने पिकत होती त्या गुंठ्याची किंमत वाढली ती कोणा एकाच्या कष्टाने नव्हे. सरकारने लोहमार्ग वाढविले, आराखड्यात रंग बदलले, मुंबईत जागा महागली, म्हणून ती वाढली. समाजाने निर्माण केलेल्या या मूल्यातला समाजाचा वाटा किती, हा प्रश्न वसईत काँग्रेसने, भाजपने, शिवसेनेने किंवा बहुजन विकास आघाडीने नेटाने धरून लढविल्याचे आम्हांला आठवत नाही. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि त्रेपन्न गावे एकत्र करून महानगरपालिका झाली. गावे आत की बाहेर, यावर निवडणुका जिंकल्या-हरल्या गेल्या. वाढलेल्या किमतीची वाटणी मात्र त्या वादातही बाहेरच राहिली.

पाण्याचा प्रकार याहून बोलका आहे. सूर्या प्रकल्पाची धामणी आणि कवडास ही धरणे डहाणू-पालघर भागातील आदिवासींच्या शेतीला पाणी मिळावे म्हणून बांधली गेली. त्यासाठी ज्यांची गावे गेली तेही आदिवासीच. पुढे शहरे वाढली आणि धरणाचे पाणी दक्षिणेकडे वळले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची सूर्या योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची. त्यातील १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. शहराला पाणी नको असे कोण म्हणेल? टँकरच्या मागे घागर घेऊन धावण्याचे दिवस या भागातील कुटुंबे विसरलेली नाहीत. परंतु डहाणूच्या शेताचे पाणी आमच्या नळाला येते तेव्हा त्याला आम्ही विकास म्हणतो, आणि वर्षाला अठरा हजार रुपये त्या शेतातल्या बाईच्या खात्यावर जमा झाले की त्याला रेवडी म्हणतो. या दोन शब्दांतील अंतर मध्यमवर्गाने एकदा स्वस्थपणे मोजावे.

म्हणून ‘लाडकी बहीण’ योजनेविषयी आमचे मत तुच्छतेचे नाही. पापडीच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या स्त्रीच्या स्वतःच्या नावावर, नवऱ्याच्या हाती न लागता, दरमहा पंधराशे रुपये येतात, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. मुलाची वही, म्हाताऱ्या आईचे औषध, भिशीचा हप्ता, असे त्या पैशाला निश्चित पाय फुटतात. रोख मदतीने माणसे आळशी होतात, हा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी पहाटे चारला उठून माळवे घेऊन निघणाऱ्या बायकांपुढे तो मांडून पाहावा. २०२२ मध्ये रेवडी संस्कृतीवर पंतप्रधानांनी टीका केली आणि दोन वर्षांत त्यांच्याच पक्षाच्या आघाडीने महाराष्ट्रात ही योजना आणली, यात विसंगती आहेच. परंतु विसंगतीपायी का होईना, गरजू घरात पैसा गेला.

आमचा आक्षेप निराळा आहे. जून २०२४ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी योजना जाहीर केली आणि निवडणुकीपूर्वी अर्ज झपाट्याने मंजूर झाले. निवडणूक आटोपल्यावर छाननी सुरू झाली आणि २०२५ च्या मध्यास सव्वीस लाखांहून अधिक खात्यांचे पैसे थांबविल्याचे सरकारनेच सांगितले. त्यांत अपात्र पुरुषही निघाले, सरकारी नोकरदारही निघाले. त्यांना वगळावे हे योग्यच. पण छाननी मतदानाआधी का झाली नाही, या प्रश्नाला उत्तर नाही. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी छत्तीस हजार कोटी ठेवले गेले. एकवीसशेचा शब्द त्यात नव्हता, महसुली तूट मात्र पंचेचाळीस हजार कोटींच्या वर होती. त्यानंतर सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या विभागांचा निधी या योजनेकडे वळविल्याबद्दल खुद्द मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. श्रीमंताकडून घेऊन गरिबाला देणे, याला वाटणी म्हणतात. एका गरिबाच्या वसतिगृहाचे पैसे दुसऱ्या गरिबाच्या खात्यावर टाकणे, याला कोणते नाव द्यावयाचे?

विरोधी पक्ष या प्रश्नावर बोलू शकले असते. पण तीन हजारांचे वचन देऊन बसलेल्यांच्या तोंडी वित्तीय शिस्तीची भाषा शोभत नाही, आणि कर वाढवू असे म्हणण्याचे धैर्य त्यांच्यातही नाही. शरद जोशी हयात असते तर त्यांनी दोघांनाही विचारले असते की, शेतमालाला नीट भाव दिलात तर हे अनुदान लागते कशाला? त्यांच्या या प्रश्नाला आजचे डावे आणि उजवे दोघेही बगल देतात, कारण भाव वाढला तर शहरातील ग्राहक, म्हणजे पुन्हा आम्हीच, ओरड करतो.

आम्ही कोणत्याही पक्षाला योजना बंद करा असे सांगत नाही. १९७५ साली सरकारने पगारदाराच्या खिशात हात घातला तो त्याला सांगून घातला. त्या कराचा निधी कायद्याने वेगळा ठेवला आणि मजुराला कामाचा हक्क दिला, जो कोणत्याही निवडणुकीनंतर छाननीत काढून घेता येत नव्हता. ‘लाडकी बहीण’ हा असा कायदा होणार काय? त्याला स्वतःचा कर मिळणार काय, आणि तो कर वाढलेल्या जमिनीवर बसणार की वाढलेल्या भाजीवर? वसईच्या आमदारांनी आणि त्यांच्याकडून पराभूत झालेल्यांनी पापडीच्या बाजाराच्या दिवशी, टोपलीवाल्या बायका आणि लोकलमधून उतरणारे पगारदार दोघेही ऐकत असताना, एकदा याचे उत्तर द्यावे.